बाकी क्षेम, मिक्सर नको

एस्कासू, सान होसे, कोस्टा रिका
१२ जून

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

बाबा, तुमची सतरा प्रश्नांची यादी पोचली. फुलस्केप कागद, डावीकडे दोन बोटं समास, महत्त्वाच्या शब्दांखाली लाल रेघ, शेवटी सही आणि दिनांक. तुमच्या जावयांनी ती दोनदा वाचली आणि मला विचारलं, "याला आवक क्रमांक द्यायचा का?" चिपळूण डेपोतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी तुमच्या हातून कागद सुटतो तो असाच. म्हणून मीही व्हॉट्सअ‍ॅपवर तुकडे न पाडता सलग पत्र लिहिते आहे. याची प्रिंट काढा आणि हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगेत टाकलीत तर हवी तेव्हा ती विमानाच्या पोटात असेल.

आईने एकच प्रश्न विचारलाय, तोही तुमच्या यादीच्या पाठीमागे, पेन्सिलीने. "मिक्सर आणू का?"

नको.

इथली वीज साधारण १२० व्होल्टची, म्हणजे आपल्या निम्मी. आपला मिक्सर लावला तर ओल्या खोबऱ्याकडे बघून तो नुसता हुंकार देईल. सॉकेटही अमेरिकेसारखं, दोन चपट्या पात्यांचं. फोनचा चार्जर दोन्हीकडे चालतो, त्याला फक्त तसली पिन लागते आणि ती माझ्याकडे आहे. आई, तू फक्त ये. चटणी इथल्या मिक्सरवर होईल.

आता बाबांचा प्रश्न क्रमांक १: "तेथे लष्करी राजवट येण्याचा संभव किती?" बाबा, तुम्ही ऐंशीच्या दशकात पेपरात वाचलेलं निकाराग्वा नि एल साल्वादोर तुमच्या डोक्यातून जात नाही, हे मी समजू शकते. तो सगळा गोंधळ शेजारीपाजारी चालू असताना इथले अध्यक्ष ऑस्कर आरियास तो मिटवायच्या खटपटीत होते आणि १९८७ चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. इथे लष्करी राजवट येण्यात एक साधी अडचण आहे. लष्करच नाही. १ डिसेंबर १९४८ ला होसे फिगेरेस यांनी बेयाविस्ता नावाच्या बराकीच्या भिंतीवर हातोडा घातला आणि सैन्य बरखास्त झाल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी राज्यघटनेतही तसं लिहिलं. त्या बराकीत आता राष्ट्रीय संग्रहालय आहे. तुम्हाला पहिल्याच आठवड्यात तिथे नेणार आहोत. "मग परेड कोण करतं?" असं आईने फोनवर विचारलं होतं. शाळेतली मुलं करतात, १५ सप्टेंबरला, ढोल वाजवत. आमच्या लेकाला, सोनूला, यंदा वर्गात ढोल मिळणार आहे असं तो म्हणतो. त्याची तालीम घरात चालू झाली आहे, तेव्हा कानात घालायचा कापूस आणा.

व्हिसाचं. ताईकडे न्यू जर्सीला जायला तुम्ही जो अमेरिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसा काढलात, त्यावर इथे येता येतं. वेगळा काढावा लागत नाही. तरी असले नियम बदलत असतात, म्हणून तिकीट पक्कं करण्याआधी नवी दिल्लीतल्या कोस्टा रिकाच्या वकिलातीकडून खात्री करून घ्यायला तुमच्या जावयांनी बजावलंय. इथे उतरल्यावर परतीचं तिकीट दाखवावं लागतं. ते छापून घ्या. फोन ऐन वेळी झोपतो.

ताईकडून नेवार्कहून थेट विमान आहे. बाबा, तुमच्या एचएमटीच्या घड्याळाची तुम्हाला काळजी. त्याचीही गंमत आहे. इथली वेळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे. म्हणजे चिपळूणला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे आदल्या रात्रीचे साडेनऊ. घड्याळ चिपळूणच्या वेळेवरच ठेवलंत, तर काटे फक्त अर्धा तास पुढे करायचे. दिवसाची रात्र झालेली त्याला कळणारसुद्धा नाही. तुमच्या पोटाला मात्र कळेल. बीपीच्या गोळ्यांची वेळ कशी बदलायची ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. गोळ्या पाकिटासकट, चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत. प्रवासाचा विमा काढा. "आम्हाला काय होतंय" हे वाक्य विमा कंपनीला ऐकवू नका.

सामानात ताजी फळं, बियाणं, रोपं काही नको. कुंडीतली तुळस तर नाहीच, आई. मसाले आणायचे ते कारखान्यात बंद केलेले, लेबल असलेले आणि कस्टमच्या फॉर्मवर लिहिलेले. गेल्या खेपेला माझ्याकडे हिंगाची डबी होती. तपासणीला उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी झाकण उघडलं, हुंगलं, माझ्याकडे बघितलं, झाकण घट्ट लावलं आणि पुढच्या दोन बॅगा न उघडताच मला जाऊ दिलं. पण यावर अवलंबून राहू नका.

त्या फॉर्मवर पत्ता लिहावा लागतो आणि इथे खरी मजा आहे. आमचा पत्ता असा: चर्चपासून ३०० मीटर दक्षिणेला, मग ५० मीटर पश्चिमेला, पांढरं फाटक. झालं. घर नंबर नाही, रस्त्याचं नाव नाही. म्हणजे पाट्या कुठेकुठे लावल्यात, पण त्यांच्याकडे कोणी बघत नाही. इथल्या हिशोबात १०० मीटर म्हणजे एक चौक, मग तो चौक ८० मीटरचा असो की १४०. आणि खूण म्हणून सांगितलेली वस्तू जागेवर असलीच पाहिजे असंही नाही. सान पेद्रो भागात "जुन्या इगेरोनपासून" असे पत्ते सांगतात. इगेरोन म्हणजे आपल्या वड-उंबराच्या कुळातलं झाड. ते मूळ झाड कधीच गेलं, पत्ता राहिला. मला सुरुवातीला हसू यायचं. मग आठवलं, आपल्या घराचा पत्ता तरी तुम्ही लोकांना काय सांगता? "जिथे पूर्वी दामल्यांची गिरण होती, तिथून डावीकडे." गिरण जाऊन वीस वर्षं झाली. तुम्ही इथे अजिबात हरवणार नाही. हरवतात ते पुण्या-मुंबईचे.

एस्कासूला चेटकिणींचं गाव म्हणतात, हे आईला गूगलवर कोणीतरी दाखवलं म्हणे. खरं आहे, तशी ख्याती आहे. पण वेताळाला नि राखणदाराला वर्षानुवर्षं नारळ देणाऱ्या बाईने झाडूवर बसणाऱ्या बायकांना घाबरावं हे काही बरं दिसत नाही.

प्रश्न ४, ५ आणि ६ बसबद्दल आहेत. ते मी धरूनच चालले होते. बाबा, मन घट्ट करा: सान होसेत मध्यवर्ती बसस्थानक नाही. प्रत्येक कंपनीच्या गाड्या वेगवेगळ्या कोपऱ्यावरून सुटतात. एका गावाची गाडी इथून, दुसऱ्या गावाची चार चौक पलीकडून, आणि वेळापत्रक बहुतेकांच्या तोंडात. ध्वनिक्षेपक नाही, "फलाट क्रमांक तीनवर लागलेली गाडी" नाही. पण गाड्या येतात, स्वस्त आहेत आणि ड्रायव्हरच कंडक्टर आहे. दाराशी दोन बाजूंना उभे दांडे असतात, त्यात माणसं मोजणारं यंत्र आहे. त्या दोघांच्या मधे थांबून सुटे पैसे शोधायचे नाहीत. यंत्र एका माणसाचे तीन मोजतं आणि ड्रायव्हर ओरडतो. सुटे आधी हातात, मग चढायचं. तुम्ही पस्तीस वर्षं लोकांना हेच सांगत होतात.

टॅक्सी लाल असते, दारावर पिवळा त्रिकोण. विमानतळावरच्या नारिंगी. मीटरला इथे "मारिया" म्हणतात. बसल्या बसल्या "ला मारिया, पोर फाव्होर" म्हणायचं. बाबांनी पहिल्यांदा हे ऐकलं तर आजूबाजूला बाई शोधतील, म्हणून आधी सांगून ठेवते.

अंतराचं मात्र किलोमीटरवर जाऊ नका. देश आपल्या महाराष्ट्राच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढा, लोक जेमतेम पन्नास लाख, पण मधून सगळा डोंगर. दीडशे किलोमीटरवरच्या मोन्तेवेर्देला चार तास लागतात. लिमोनकडे जाणारा घाट पावसाळ्यात दरड कोसळून बंद पडतो. परशुराम घाटाच्या माणसांना हे समजावून सांगायला नको. आईसाठी आवळासुपारी भरपूर आणा.

मोन्तेवेर्देची एक गोष्ट बाबांना आवडेल. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामाहून काही क्वेकर कुटुंबं तिथे येऊन राहिली. युद्धाला विरोध असणारी माणसं, त्यांना सैन्य नसलेला देश हवा होता. त्यांनी गाई पाळल्या, चीज करू लागले आणि डोंगरमाथ्यावरचं रान पाण्यासाठी राखून ठेवलं. आज जग ते ढगातलं जंगल बघायला येतं. आई, पनीरसारखं काही हवं असेल तर तुरियाल्बा गावच्या नावाचं पांढरं ताजं चीज मिळतं. भाजीत चालतं. मी मटार घालते.

आता जेवण. हा विषय मोठा आहे आणि आईने तो विचारलाच नाही, कारण तिने दहा दिवसांचे मेथीचे लाडू बरोबर घ्यायचं ठरवलंय. आई, लाडू आण, पण ऐक. इथल्या छोट्या खानावळीला "सोदा" म्हणतात. सोडा मिळतोच असं नाही. सकाळी सगळा देश "गायो पिंतो" खातो. त्याचा अर्थ ठिपक्यांचा कोंबडा. यात कोंबडा नसतो. आदल्या दिवशीचा भात नि काळ्या घेवड्याची उसळ एकत्र परतलेली असते, वर लिसानो नावाचं तपकिरी आंबटगोड सॉस. फोडणीचा भातच तो. फक्त एकदा विचारून घ्यायचं की उसळीत डुकराची चरबी घातली नाही ना. दुपारी "कासादो": भात, उसळ, कोबीची कोशिंबीर, तळलेलं पिकलं केळं आणि मासा किंवा मांस. कासादो म्हणजे लग्न झालेला पुरुष. त्याला रोज हेच मिळतं म्हणून म्हणे! तुमच्या जावयांनी हे मला तीनदा ऐकवलंय.

तर कोंबडा नावाच्या पदार्थात कोंबडा नाही, आणि उलट "सिन कार्ने", म्हणजे मांसाशिवाय, असं सांगून मागवलेल्या भातात हॅम. ही माझ्यावर आलेली वेळ आहे. इथे "कार्ने" म्हणजे बहुतेकांच्या लेखी गाईचं मांस. कोंबडी, मासा, हॅम यांना ते मांसात धरत नाहीत. म्हणून आईने विमानातच आवर्तनं करायची: "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन हामोन." चालीवर म्हटलं तर पटकन पाठ होतं. मी अथर्वशीर्षाच्या लयीत म्हणून बघितलं, जमतं.

बाबांचं काही अडणार नाही. पुन्तारेनासला समुद्राकाठी अख्खा तळलेला तांबडा मासा मिळतो, शेपटीसकट, ताटाबाहेर येणारा. सेविचे म्हणजे कच्चा मासा लिंबाच्या रसात मुरवलेला. तो सोमवारी खाऊ नका एवढंच. तिखट मात्र काहीच नसतं. जगाला मिरची दिली याच बाजूच्या लोकांनी, आणि स्वतः मात्र "चिले दुल्से", गोड मिरची, म्हणजे आपली ढोबळी खात बसलेत. तेव्हा लाल तिखट आणा, सीलबंद.

आणि एक गोष्ट आईला सांगायला मी आठवडाभर थांबले होते. इथे गूळ आहे! "तापा दे दुल्से" म्हणतात. उसाचा रस आटवून, लाकडी साच्यात ओतून केलेली काळपट ढेप. गुऱ्हाळाला "त्रापिचे". आणि पाहुणा घरी आला, थकलेला असला, की गूळ गरम पाण्यात विरघळवून देतात. "आग्वा दुल्से." गोड पाणी. गूळपाणी, आई! शेजारच्या आजींनी पहिल्यांदा कप हातात दिला तेव्हा मला दोन मिनिटं काही बोलता येईना. त्यांना वाटलं, फार गरम लागलं.

या शेजारच्या आजी म्हणजे "दोन्या". दोन्या म्हणजे आपल्याकडचं "बाई" किंवा "काकू". त्या दाराशी येऊन बेल वाजवत नाहीत, बाहेरून "उपे!" अशी हाक देतात. आपल्याकडे "कोण आहे का घरात?" म्हणतात तसंच. आईला हे लगेच जमेल. तिला बेल वाजवणं मुळातच उद्धटपणाचं वाटतं. आणि इथे बहुतेक सगळे सगळ्यांना अहो-जाहो करतात. "उस्तेद." नवरा बायकोला, आई पोराला. दोन्या आमच्या सोनूला, वय वर्षं सहा, विचारतात, "आपण जेवलात का?" त्यांच्या कुत्र्याला म्हणतात, "आपण जरा बाजूला सरकावं." सोनू आता मला घरात "तुम्ही" म्हणतो आणि स्वतःच्या बाबांना "तू". तुम्ही आलात की सगळं दुरुस्त होईल अशी आशा आहे.

भाषेची काळजी करू नका. पपई, बाबा, "पापाया" आहे. मेज "मेसा" आहे, कमीज "कामिसा", साबण "हाबोन". आपल्याकडे बाहेरून जी शब्दांची पोती उतरली, त्यांची चुलत भावंडं इथे स्पॅनिशमध्ये राहतात. तुमचा प्रश्न क्रमांक ११ बादलीबद्दल होता. बादलीला इथे "बाल्दे" म्हणतात. शब्द आहे, पण न्हाणीघरात वस्तू नाही. अंघोळ शॉवरखाली, आणि बऱ्याच ठिकाणी शॉवरच्या तोंडातच विजेची कॉइल बसवलेली असते. डोक्यावर पाणी, पाण्यात वीज, वर दोन वायरी. हात वर करून त्याला शिवायचं नाही. पाणी कोमट हवं असेल तर धार बारीक करायची. जोरात सोडलं की गार येतं. आमच्याकडे गीझर आहे, पण बाहेर मुक्काम केला की हे लागेलच. संडासात पाण्याची सोय नसते म्हणून प्लॅस्टिकचा एक लहान तांब्या आणा. कागद वापरलात तर तो भांड्यात टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात. पाट्या असतात. नळाचं पाणी बहुतेक गावांत थेट पिता येतं. बाबा, तुरटी आणू नका.

"पुरा विदा" हे दोन शब्द दिवसातून शंभरदा ऐकू येतील. नमस्कार, बरं आहे, धन्यवाद, असू दे, येतो, सगळ्याला तेच. शब्दशः अर्थ निर्मळ जीवन. बाबांना वाटेल संपूर्ण आकडेवारी मागताहेत. आईला आधी पूर आठवेल. कोणी म्हटलं की हसून तेच परत म्हणायचं. "आओरिता" मात्र जपून. कोशात अर्थ "आत्ता लगेच". आपल्याकडे प्लंबर "निघालोच" म्हणतो ना, तो अर्थ.

पैसे. डॉलरला हल्ली पाचशेच्या आसपास कोलोन येतात, म्हणजे कोलोनला सहाने भागलं की रुपये. पण भागू नका! एक साधा कासादो साधारण चार हजारांचा. भागाकार केलात तर बाबा जेवणार नाहीत. हा देश स्वस्त नाही, हे आधीच मान्य करून या. हॉटेलच्या बिलात १३ टक्के कर आणि १० टक्के सेवाशुल्क असतं, वर टीप ठेवायची गरज नाही. डॉलरही चालतात, पण लहान नोटा आणा आणि फाटक्या-चुरगळलेल्या नको. कोलोनच्या नोटा मोठ्या देखण्या: हजारावर हरीण, दोन हजारांवर शार्क, पाच हजारांवर पांढऱ्या तोंडाचं माकड, दहा हजारांवर स्लॉथ, वीस हजारांवर हमिंगबर्ड. स्लॉथला इथे "पेरेसोसो" म्हणतात, म्हणजे आळशी. तो आठवड्यातून साधारण एकदाच झाडावरून खाली उतरतो, तेही परसाकडेला जायला. सोनूचा आवडता प्राणी.

पाच हजाराच्या नोटेवरचं ते माकड मानुएल अंतोनियोच्या जंगलात प्रत्यक्ष भेटेल आणि पिशवीची चेन उघडून दाखवेल. म्हणून तिथे खाऊ आत नेऊ देत नाहीत. लाडू घरी. मंगळवारी ते बंद असतं, त्यामुळे आईच्या उपासाचा घोळ होणार नाही. समुद्र दिसायला रत्नागिरीसारखाच, पण पॅसिफिकला आतून ओढ फार आहे. गणपतीपुळ्याला आपण गुडघाभर पाण्याच्या पुढे जात नाही, तेच इथे. पायवाट सोडून गवतात शिरायचं नाही. फुरशासारखा एक विषारी साप आहे, "तेर्सिओपेलो", पालापाचोळ्यात दिसत नाही. रात्री बॅटरी, पायात बूट. डास आहेत, डेंग्यू आहे, ओडोमॉस आणा. दागिने नकोत. आई, सोन्याचं मंगळसूत्र ताईकडे ठेव, इथे काळी पोत घाल. हातातली पर्स गाडीच्या सीटवर ठेवून चहाला जायचं नाही. इथल्या प्रत्येक घराला लोखंडी गजांचा पिंजरा आहे तो उगीच नव्हे.

पाऊस. तुम्ही जुलैच्या शेवटी येणार म्हटल्यावर इथल्या ओळखीच्या सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. "डिसेंबरला बोलवा, उन्हाळ्यात." हो, इथे डिसेंबर ते एप्रिल उन्हाळा म्हणतात, मे ते नोव्हेंबर हिवाळा, आणि हिवाळा म्हणजे पाऊस. मी त्यांना सांगितलं, माझे आई-वडील चिपळूणचे आहेत, पाऊस त्यांना बघून छत्री उघडेल. इकडचा पाऊस तसा शिस्तीचा, दुसऱ्या पाळीत कामाला येतो. सकाळी लख्ख ऊन, दुपारी जेवण आटोपलं की धो-धो. म्हणून जे बघायचं ते सकाळीच. सान होसे उंचीवर आहे, साडेअकराशे मीटरच्या आसपास, म्हणून संध्याकाळी पातळ स्वेटर. इरासू ज्वालामुखी ३,४३२ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त, आणि गाडी जवळजवळ माथ्यापर्यंत जाते. तिथे कानटोपी. भूकंपाचे धक्के अधूनमधून बसतात. भांडी वाजली की समजायचं. कोयनेच्या कृपेने ते शिक्षण आपलं झालेलं आहे.

पावसाआधी इथे एक पक्षी गातो, यिग्विर्रो. रंगाने मातकट, दिसायला साधा. या देशात केत्साल आहे, मकाव आहे, पन्नासावर जातींचे हमिंगबर्ड आहेत, आणि यांनी राष्ट्रीय पक्षी केला तो हा. कारण तो ओरडला की शेतकऱ्याला कळतं, पाऊस येतोय. आपला पावशाच, फक्त पंख वेगळे. बाबा, तुम्ही याल तेव्हा त्याचं ओरडून झालेलं असेल.

झाडं बघून तर तुम्ही थबकालच. आपण कुंपणाला खुंट रोवतो ना, ते उंदीरमारीचे? ते झाड मुळात इकडचं. इथेही तसेच दांडे रोवून कुंपण करतात, ते तसंच पालवतं, आणि स्पॅनिशमध्येसुद्धा त्याचं एक नाव "उंदीर मारणारं" असंच आहे. देवळासमोरचा पांढरा चाफा मध्य अमेरिकेतला. चिकू याच भागातला. सीताफळाची भावंडं इथे रस्त्यावर. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोकडचा. आई, तुझ्या पूजेच्या तबकातलं निम्मं सामान इकडूनच आलेलं आहे. तेव्हा परक्या मुलखात जातेय असं काकूंना सांगू नकोस.

२ ऑगस्टचं बोलायचं राहिलं. त्या दिवशी इथे कार्तागोची वारी असते. लाखो माणसं देशभरातून चालत जातात. सान होसेहून साधारण २२ किलोमीटर. रात्रभर रस्ता वाहतो. लोक वाटेवर पाणी नि संत्री वाटतात. तिथल्या देवीला "ला नेग्रिता" म्हणतात, म्हणजे काळी, सावळी. वीतभर उंचीची दगडाची मूर्ती, १६३५ मध्ये एका गरीब मुलीला जंगलात सापडली अशी कथा. चर्चमध्ये शेवटचं अंतर काहीजण गुडघ्यांवर जातात. मागे झरा आहे, त्याचं पाणी बाटल्यांतून घरी नेतात. नवस फेडायला हात, पाय, डोळा यांचे छोटे धातूचे ठसे वाहतात. आईने आयुष्यभर पंढरपूर बाबांच्या पासवर एसटीने केलं. तिच्या गुडघ्यांना २२ किलोमीटर झेपणार नाहीत, पण शेवटचे दोन आपण चालू. दोन्यांनी तिच्यासाठी कापडी टोपी शिवून ठेवली आहे. "आपल्या मातोश्रींच्या डोक्याचं माप काय?" असं मला विचारत होत्या.

प्रश्न १७ होता, "मुक्काम किती दिवसांचा धरावा?" बाबांनी यादीत २१ दिवस लिहून कंसात "जावयांच्या सोयीने" असं घातलंय. जावयांची सोय मी बघते. इथे १५ ऑगस्टला सुट्टी असते, स्वातंत्र्यदिनाची नव्हे, आईच्या दिवसाची. त्या दिवशी सगळा देश आपापल्या आईकडे जेवायला जातो. गेली चार वर्षं त्या दिवशी आम्ही दुसऱ्यांच्या आयांकडे जेवतो. परतीचं तिकीट दाखवावं लागतं हे खरं, पण ते १५ ऑगस्टच्या आधीचं काढू नका.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमची धाकटी

ता. क. आई, पाटा-वरवंटाही नको. त्या बराकीतल्या संग्रहालयात ज्वालामुखीच्या दगडाचे, पाय असलेले, जग्वारचं डोकं कोरलेले पाटे मांडून ठेवलेत, कोलंबस यायच्याही आधीचे. बघायला मिळतील. चटणी वाटायला मिळणार नाहीत, मी विचारलं होतं.